बाबा भट्टीसमोर राबले, मग मी कशाने थकलो?

"ताई, मी २८ वर्षांचा, अनगोळचा. इंजिनीअरिंग बेळगावातच केलं. तीन वर्षं झाली, सिंगापूरला एका मोठ्या चिप कंपनीत इक्विपमेंट इंजिनीअर आहे. संध्याकाळी सात ते सकाळी सात शिफ्ट. गेल्या महिन्यात माझ्या हातून मशीनवर चुकीची रेसिपी, म्हणजे चुकीचं सेटिंग लागलं आणि २५ वेफर, म्हणजे चिप ज्यांवर बनतात त्या सिलिकॉनच्या चकत्या, स्क्रॅप झाले. सकाळच्या मीटिंगमध्ये साहेबांनी सगळ्यांसमोर उभं करून झापलं. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशीही झोप नाही. डोळा लागला की मशीनचा अलार्म वाजल्यासारखा वाटतो. बाबा उद्यमबागच्या फाउंड्रीत २६ वर्षं मोल्डिंगला होते. त्यांना काय सांगू, एसीत राहून थकलो म्हणून? गल्लीत सगळे मला 'सिंगापूरचा' म्हणतात. नोकरी सोडू का? गुजरातेत फॅब, म्हणजे चिपचा कारखाना होतोय, तिथे बघू का?"

अरे बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. नोकरीचं नंतर बोलू. आधी ते 'एसीत राहून थकलो'.

तूच पुढे लिहिलंयस की क्लीनरूममध्ये जाताना टोपी, मास्क, हातमोजे, डोक्यापासून पायापर्यंतचा पांढरा सूट, वर एअर शॉवर. आत पाणी प्यायचं नाही. लघवीला जायचं तर सगळं उतरवून बाहेर यायचं आणि पुन्हा पहिल्यापासून चढवायचं, म्हणून तू शिफ्टच्या आधीपासूनच पाणी कमी पितोस. लिथोग्राफीच्या, म्हणजे वेफरवर प्रकाशाने नक्षी उमटवण्याच्या भागात रात्रभर तो पिवळा उजेड, कारण साधा उजेड वेफरवरच्या रसायनाला चालत नाही. अशा ठिकाणी बारा तास उभ्याने काढून माणूस थकणार नाही तर काय होईल? तिथला गारवा आणि स्वच्छता वेफरसाठी आहे रे, तुझ्यासाठी नाही. आणि ते पाणी कमी पिणं आजपासून बंद कर. सूट दोनदा चढवावा लागला तरी चालेल.

माझे वडील बेळगावच्या शहापुरात मागावर रात्रपाळी करायचे. सकाळी ते घरी आले की आई खिडकीवर गोधडी टांगायची आणि आम्हा पोरांना शेजारी पाठवून द्यायची. दुपारपर्यंत घरात भांडं वाजू द्यायची नाही. तेव्हा आम्हाला तिचा राग यायचा. आज कळतं, त्यांची झोप राखणं हेही तिचं कामच होतं. तुझ्या खोलीत ती गोधडी टांगणारं कुणी नाही. जाड काळा पडदा लाव, फोन दुसऱ्या खोलीत ठेव, आणि याच आठवड्यात डॉक्टरकडे जाऊन झोपेचं आणि त्या अलार्मचं सगळं सांग. दुखणं मनाचं असो की शरीराचं, इलाज करावाच लागतो. रात्रपाळीला हलकं घेऊ नकोस. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्येच तिला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलंय. घाबरवायला सांगत नाही. तुझा त्रास हे लाड नाहीत, एवढं तुला पटावं म्हणून सांगते.

आता त्या २५ वेफरांचं. एक वेफर शेकडो टप्प्यांतून जातो, पूर्ण व्हायला दोन-तीन महिने लागतात. त्यामुळे २५ वेफरांचा एक डबा गेला की वरच्यांच्या पोटात गोळा येतो, हे समजू शकतं. पण चारचौघांत उभं करून झापणं मला मुळीच मान्य नाही. चुकीची रेसिपी मशीनने घेतलीच कशी, तपासणी कुठे राहिली, हे त्या मीटिंगमध्ये विचारायला हवं होतं. नेमकं काय घडलं ते वेळेसकट लिहून काढ आणि पुढच्या वेळी शांतपणे तेच मांड.

आणि हे सगळं सांगायला तुझ्या घरात एक माणूस बसलाय, त्याच्यापासूनच तू लपवतोयस. फाउंड्रीत काळ्या वाळूचा साचा मोल्डर करतो. धातू ओतला जातो, कास्टिंग निघतं, वरून चांगलं दिसतं. आठ दिवसांनी मशीन शॉपमध्ये कातताना आत ब्लोहोल, म्हणजे वायूने पडलेली पोकळी सापडते. दोष वाळूच्या ओलीचा असेल, धातूचा असेल, नाहीतर घाईचा. पण आधी नाव कुणाचं येतं? मोल्डरचं. २६ वर्षांत तुझ्या बाबांचे साचे किती वेळा रिजेक्ट झाले असतील आणि किती वेळा त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं असेल, हे कधी विचारलंयस त्यांना? 'रिजेक्शन' म्हणजे काय, हे अख्ख्या गल्लीत त्यांच्याइतकं कुणालाच कळणार नाही.

नोकरीचं म्हणशील तर रागात राजीनामा टाकू नकोस. नोकरी गेली की तिथला वर्क पासही जातो. दुसरी हातात आल्यावरच सोड, आणि करारातली नोटीस आजच वाचून ठेव. गुजरातेत धोलेऱ्याला टाटांच्या फॅबची पायाभरणी मार्च २०२४ मध्ये झाली, ९१ हजार कोटींचं काम आहे. पण फॅब कुठलाही असो, रात्रंदिवस चालणारच, मध्येच बंद करून भागत नाही. तेव्हा आधी हे ठरव, तुला नको आहेत ते साहेब, की रात्र? साहेब नको असतील तर टीम बदलून माग. रात्र नको असेल तर दिवसाचं काम माग, यील्डचं, म्हणजे चांगल्या चिप किती निघाल्या ते बघण्याचं, नाहीतर डेटाचं. नाहीतर बेंगळुरूकडे बघ. मशीन बनवणाऱ्या अप्लाइड मटेरियल्स, लॅम रिसर्च यांची इंजिनीअरिंग केंद्रं तिथे आहेत, आणि मशीन आतून ओळखणारा माणूस त्यांना हवाच असतो. रात्री रेल्वेत बसलास की सकाळी बेळगाव. गल्लीतले मग तुला 'बेंगळुरूचा' म्हणतील, म्हणू देत.

तू लिहिलंयस, बाबा निवृत्त झाले तरी अजून पहाटे पाचला उठून स्वतःचा चहा स्वतः करतात. तुझी नाइट सातला सुटते, सूट उतरवून बाहेर येईपर्यंत साडेसात. म्हणजे आपल्याकडे बरोब्बर पाच. आई अजून झोपलेली असते. त्या वेळी त्यांना फोन कर आणि आधी ब्लोहोलचं विचार.