सकाळी तालमीत जोर-बैठका, संध्याकाळी जिम. व्यायामाचा क्रम कसा लावू? आधी बायसेप्स चालतील का?

बायसेप्स शेवटी, आधी स्क्वॉट, डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं), बेंच प्रेस, रोइंग (वजन पोटाकडे ओढणं) असे एकापेक्षा जास्त सांधे राबवणारे जड व्यायाम, मग एका सांध्याचे. दंड (म्हणजे बायसेप्स) आधीच थकवले की रोइंग मारताना पाठ ताजी असूनही हात सोडून देतात, आणि पाठीवर हवा तेवढा भार पडतच नाही. पोट आणि मनगटं तर अगदी शेवटी, कारण स्क्वॉटमध्ये कंबर सांभाळतं ते पोटच, आणि डेडलिफ्टचा बार धरून ठेवते ती पकड. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनची २००९ ची शिफारसही हीच: मोठे स्नायू आधी, लहान नंतर, जड सेटांमध्ये २-३ मिनिटं विश्रांती.

पायांचा दिवस असा लावा:
- रिकाम्या बारवर दोन हलके सेट
- स्क्वॉट
- रोमानियन डेडलिफ्ट
- लंजेस
- लेग कर्ल, पोटऱ्या
- प्लँक

ही काही काळ्या दगडावरची रेघ नाही. जो व्यायाम आधी कराल त्यात ताकद जास्त वाढते. स्नायूंचा आकार मात्र क्रम बदलला तरी साधारण तेवढाच वाढतो. तेव्हा बायसेप्सच मागे पडले असतील तर काही आठवडे ते आधी मारा, बिनधास्त. आणि सकाळी दोनशे बैठका झाल्या असतील तर संध्याकाळी जड स्क्वॉट नको, पाठ घ्या. आपल्या बेळगाव-खानापूरकडच्या पोरांचा घोळ होतो तो इथेच: तालमीतली मेहनत कोणी हिशेबात धरतच नाही.