आधी पापणी की आधी मोतीबिंदू?

प्रश्न : आईचे वय ६८. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. शिवाय उजव्या डोळ्याची वरची पापणी गेल्या तीन-चार वर्षांत हळूहळू बाहुलीपर्यंत उतरली आहे. पोथी वाचताना ती एका बोटाने पापणी उचलून धरते. सिलिंड्रिकल नंबर (ठरावीक दिशेचा, म्हणजे अक्षाचा, चष्म्याचा नंबर) बराच असल्यामुळे टॉरिक, म्हणजे तो नंबरही घालवणारे कृत्रिम भिंग सुचवले आहे. एक डॉक्टर म्हणतात आधी मोतीबिंदू काढू, दुसरे म्हणतात आधी पापणी उचलण्याचे ऑपरेशन. कोणाचे ऐकावे? (इचलकरंजी)

उत्तर : टॉरिक भिंग नक्की असेल तर आधी पापणी. लोंबलेली पापणी पारपटलावर, म्हणजे कॉर्नियावर, सतत रेलून असते आणि त्याची गोलाई किंचित बदलते. पापणी उचलली की तो भार जातो. मग सिलिंड्रिकल नंबर आणि त्याचा अक्ष दोन्ही सरकू शकतात. टॉरिक भिंग डोळ्यात ठरावीक अक्षावरच बसवावे लागते. अक्ष १० अंशांनी चुकला तर भिंगाचा जवळजवळ एक तृतीयांश उपयोग वाया जातो आणि ३० अंशांनी चुकला तर ते टॉरिक असून नसल्यासारखेच. महागडे भिंग घ्यायचे आणि नंतर पापणी उचलून त्याचे गणित बिघडवायचे, हे टाळलेलेच बरे.

पापणीनंतर साधारण तीन महिने थांबावे. सुरुवातीला डोळा पूर्ण मिटत नाही, अश्रूंचा थर नीट पसरत नाही आणि कोरड्या पारपटलावर यंत्राचे आकडे दर वेळी वेगळे येतात. तीन महिन्यांनी बायोमेट्री, म्हणजे भिंगाचा नंबर ठरवण्यासाठी डोळ्याची मोजमापे, नव्याने करून घ्या. पापणीच्या आधीच्या रिपोर्टवरून भिंग ठरवू देऊ नका.

साधे मोनोफोकल (एकाच अंतरासाठीचे) भिंग घ्यायचे ठरले आणि सिलिंड्रिकल नंबर किरकोळ असला, तर आधी मोतीबिंदू काढायला काहीच हरकत नाही, उलट सोयीचे असते. मोतीबिंदूच्या वेळी पापण्या चिमट्याने ताणून उघड्या ठेवतात, कधी डोळ्याच्या बाजूला भुलीचे इंजेक्शन देतात. त्यामुळे आधीच सैल असलेली पापणी आणखी थोडी उतरू शकते. तीन ते सहा महिन्यांत ती जिथे स्थिरावेल त्यावरून पुढचे माप घेता येते. पहिल्या डॉक्टरांच्या मनात हेच असावे.

आता एक गोष्ट घरीच पाहा. आई बोटाने उजवी पापणी उचलते तेव्हा डाव्या पापणीकडे लक्ष ठेवा. मेंदू दोन्ही पापण्यांना सारखाच जोर पुरवतो. उजवीला आधार मिळाला की तो जोर कमी होतो आणि डावीचे लपलेले लोंबणे उघडे पडते. डावी खाली येत असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, नाहीतर ऑपरेशननंतर ‘आता दुसरी पापणी पडली’ अशी तक्रार होते.

दुसरी गोष्ट वेळेची. सकाळी पापणी ठीक आणि संध्याकाळी पार उतरलेली असे होत असेल, तर मायस्थेनिया हा स्नायू थकण्याचा आजार आहे का हे तपासायला हवे. मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटे बर्फाची पिशवी ठेवल्यावर ती २ मिलिमीटर किंवा जास्त वर आली, तर शंका बळावते. तिथे पहिला इलाज औषधांचा. आणि पापणी अचानक पडली, एकाचे दोन दिसू लागले, बाहुली मोठी झाली किंवा डोके भयंकर दुखू लागले, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आल्याचे ते लक्षण असू शकते.

पापण्यांच्या मुळाशी कोंडा व सूज, आत वळून पारपटलावर घासणारे केस, किंवा नाकाजवळचा कोपरा दाबल्यावर पू येणारी अश्रुपिशवी, यांपैकी काहीही असेल तर त्याचा उपचार सगळ्यात आधी. भिंग कोणतेही असो. त्या जंतूंच्या शेजारी डोळ्याला छेद देणे फार धोक्याचे.

प्रश्न : पापणीच्या ऑपरेशनला विमा कंपनी ‘सौंदर्यासाठी’ म्हणून नकार देते. काय करावे? (ठाणे)

उत्तर : पापणी दृष्टी अडवते हे मापाने दाखवावे लागते. बाहुलीच्या मध्यावर पडलेल्या उजेडाच्या ठिपक्यापासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंतचे अंतर एरवी ४ ते ५ मिलिमीटर असते. ते २ किंवा कमी भरले तर दाव्याला बळ येते. दुसरा पुरावा दृष्टिक्षेत्राच्या तपासणीचा. ती दोनदा करतात, एकदा पापणी आहे तशी आणि एकदा चिकटपट्टीने वर धरून. वरच्या बाजूला किती फरक पडला ते कागदावर येते. समोर पाहतानाचे फोटोही जोडा. पूर्वपरवानगीचा अर्ज ऑपरेशनच्या आधी करावा.

कागदावर नेमके निदान लिहून घ्या. पापणीची कडाच खाली आली असेल तर ते टोसिस आणि त्यात पापणी उचलणारा स्नायू आवळून पुढे शिवतात. कडा जागेवर असून नुसती कातडी घडी घालून पापण्यांच्या केसांवर लोंबत असेल, तर ब्लेफरोप्लास्टी, म्हणजे जादा कातडी कापणे. दोन्ही एकत्रही असतात आणि तेव्हा नुसती कातडी कापली तर पापणीची कडा तितकीच उतरलेली राहते. उलट कातडी हावरेपणाने कापली तर डोळा मिटेनासा होतो. भुवईपासून पापणीच्या केसांपर्यंत निदान २० मिलिमीटर कातडी शिल्लक ठेवतात. टोसिसमध्ये मोठ्या माणसाला सहसा फक्त जागेवर भूल देतात आणि मधेच टेबलावर उठवून बसवून समोर पाहायला सांगतात. घाबरू नये. दोन्ही कडा एका रेषेत येईतो टाका सैल-घट्ट करतात.

प्रश्न : मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबावे का? फेको आणि बिनटाक्याची साधी शस्त्रक्रिया यात काय निवडावे? (नांदेड)

उत्तर : पिकू देऊ नका. अख्खे भिंग बाहेर काढत त्या काळचा तो सल्ला होता. आता रोजच्या कामात अडू लागले की वेळ झाली. अतिपिकलेले भिंग फुगून डोळ्याचा दाब वाढवते, ते वेगळेच.

फेकोत २.२ ते २.८ मिलिमीटरच्या छेदातून भिंग कंपनांनी फोडून ओढून घेतात. साध्या पद्धतीत ६ ते ७ मिलिमीटरचा बोगदा करून गर अखंड काढतात. दोन्हींत शेवटची नजर चांगली येते. साध्या पद्धतीत सिलिंड्रिकल नंबर थोडा जास्त उरतो. पण मोतीबिंदू तपकिरी, दगडासारखा कडक असेल तर फेकोला ऊर्जा जास्त लागते आणि पारपटलाच्या आतल्या पेशी मरतात. त्या पुन्हा तयार होत नाहीत. अशा डोळ्यात सराईत हाताची साधी शस्त्रक्रिया मला अधिक भरवशाची वाटते.

दाट मोतीबिंदूत प्रकाशावर चालणारे बायोमेट्रीचे यंत्र आत पाहू शकत नाही. मग ध्वनिलहरींची सळई डोळ्याला टेकवून लांबी मोजतात. ती जरा जास्त दाबली तर लांबी कमी भरते, भिंग जास्त नंबरचे निवडले जाते आणि रुग्णाला मायनस नंबर येतो. १ मिलिमीटरच्या चुकीने सुमारे अडीच नंबरचा फरक पडतो. दोन्ही डोळ्यांच्या लांबीत विनाकारण तफावत दिसली तर पुन्हा मोजायला सांगा.

मल्टिफोकल (जवळ-दूर दोन्हींसाठीच्या) भिंगाने वाचायचा चष्मा बहुधा सुटतो, पण रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात आणि अंधुक उजेडात कमी स्पष्ट दिसते. दृष्टिपटलाचा (डोळ्याच्या मागच्या पडद्याचा) आजार, वाढलेला काचबिंदू किंवा रात्रीचे ड्रायव्हिंग असेल तर मोनोफोकलच घ्यावे. मधुमेह्यांनी दृष्टिपटल तपासल्याशिवाय जादा पैसे भरू नयेत.

प्रश्न : वडील प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन आणि हृदयासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतात. बंद कराव्यात का? (सातारा)

उत्तर : आपल्या मनाने काहीच बंद करू नका. टॅमसुलोसिनमुळे बाहुली पुरेशी मोठी होत नाही आणि बुबुळाचा पडदा ऑपरेशनमध्ये फडफडतो. गोळी थांबवूनही तो परिणाम उरतोच, पूर्वी घेतली असेल तरी. सर्जनला आधी कळले तर बाहुली ताणणारी कडी, हुक तयार ठेवता येतात. थेंबांच्या भुलीवर फेको करताना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बहुधा चालू ठेवतात. पापणीचे तसे नाही. तिथे डोळ्यामागे रक्त साचले तर दृष्टीची नस दाबली जाते, म्हणून गोळ्यांचा निर्णय हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायचा.

प्रश्न : घरी आल्यावर काय सांभाळायचे? (मडगाव)

उत्तर : थेंब. खालची पापणी ओढून एकच थेंब, बाटलीचे टोक कुठेही टेकू न देता. दोन औषधांत पाच मिनिटांचे अंतर, आणि थेंब टाकल्यावर नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबून ठेवा. मोतीबिंदूनंतरच्या पहिल्या आठवड्यात दुखणे वाढले, लाली वाढली, नजर उतरली, किंवा पापणीच्या ऑपरेशननंतर डोळा ताठ होऊन बाहेर आला व दिसेनासे झाले, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच दवाखाना उघडायला लावा.