गोड्या पाण्यातील डिझेल बोट खाडीत आणताना

प्रश्न : देवबागजवळ कर्ली खाडीत पर्यटकांना फिरवण्याचा आमचा घरगुती व्यवसाय आहे. बामणोलीकडे शिवसागर जलाशयात चाललेली, अकरा वर्षांची फायबरची लाँच विकाऊ असल्याचे कळले. आत चार सिलिंडरचे डिझेल इंजिन बसवलेले आहे. ‘या इंजिनाला मिठाचा थेंब लागलेला नाही’ असे सांगून मालक खाडीतल्या तशाच बोटीपेक्षा बरीच जास्त किंमत मागत आहेत. हा जादा भाव रास्त आहे का?
— एक वाचक, मालवण तालुका

उत्तर : इंजिन थंड ठेवण्यासाठी त्याच्या आतून कोणते पाणी फिरते, हे आधी पाहावे, जादा भावाचा बराचसा निकाल तेथेच लागतो. काही बोटींत बाहेरचे पाणी पंपाने ओढून थेट इंजिनाच्या ब्लॉकमधून फिरवतात आणि धुराबरोबर बाहेर टाकतात. काही बोटींत इंजिनाचे स्वतःचे कूलंट बंद फेऱ्यात फिरते आणि बाहेरचे पाणी फक्त कूलरमधून जाऊन ते कूलंट थंड करते. पहिल्या प्रकारचे इंजिन खाडीत चालले असते, तर त्याच्या आतल्या वाटा मिठाने आणि गंजाने अरुंद झाल्या असत्या; तेव्हा जलाशयात गेलेली अकरा वर्षे तेथे खरोखर मोलाची आहेत. मात्र आपण बोट कर्लीत उतरवाल त्या दिवसापासून ते इंजिन खारे पाणी पिऊ लागेल, म्हणून कूलर बसवण्याचा खर्च किमतीतून वजा धरावा. इंजिन दुसऱ्या प्रकारचे असेल, तर नीट निगा राखलेल्या खाडीतल्या इंजिनाचा ब्लॉकही आतून तितकाच चांगला असू शकतो आणि गोड्या पाण्याचा फायदा कूलर, पाण्याचा पंप व धूर बाहेर नेणारा बाक एवढ्यापुरता उरतो. या दुसऱ्या प्रकारालाच धंद्यात ‘फ्रेश वॉटर कूलिंग’ म्हणतात. त्यामुळे मालक बोटीबद्दल बोलत आहेत की इंजिनाच्या रचनेबद्दल, हे स्पष्ट विचारून घ्यावे.

आता बोटीच्या अंगाकडे वळू, कारण गोड्या पाण्याचे गुणगान करणारे विक्रेते येथे गप्प असतात. फायबरच्या थरांत पाणी झिरपून जे फोड येतात, ते खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्यात अधिक सहज येतात. पाण्यात विरघळलेले क्षार जितके कमी, तितके ते थरांतल्या रसायनांकडे जास्त ओढले जाते. बोट पाण्याबाहेर काढली की लगेच, तळ ओला असतानाच पाहावी. काही आठवडे वाळलेल्या बोटीवरचे फोड बसून जातात आणि नव्या रंगाखाली तर ते दिसतही नाहीत. तळाला कडेने उजेड धरून हात फिरवावा. एखादा फोड मालकाच्या परवानगीने टोचला आणि आतून व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर तो नुसत्या रंगाचा फोड नव्हे. टोचताना तोंड बाजूला ठेवावे, कारण आतला द्रव दाबाखाली असतो आणि पिचकारीसारखा उडतो.

फायबरच्या आत लाकूड असेल, तर अधिकच सावध राहावे. मीठ लाकडाला काही प्रमाणात कुजण्यापासून वाचवते. पावसाचे पाणी मात्र त्याला आतून खाते, आणि या जलाशयाच्या महाबळेश्वर-नवजा पट्ट्यात वर्षाला सरासरी ५००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. चार महिने आच्छादनाशिवाय उभ्या राहिलेल्या लाँचच्या तळात हेच पाणी साचते. इंजिन ज्या पाटांवर बसवले आहे त्यांच्या बोल्टपाशी दाभण टोचून पाहा. ते लोण्यात शिरावे तसे गेले, तर इंजिन कितीही उत्तम असले तरी हा सौदा सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. उन्हाळ्यात जलाशयाची पातळी उतरते तेव्हा बोटी काठाच्या खडकांवर टेकतात, म्हणून पंखा, शाफ्ट आणि सुकाणू यांवरील घावही तपासावेत.

गोड्या पाण्यापुरते चालणारे सामान खाडीत टिकत नाही. तळातून पाणी आत घेणारे व्हॉल्व्ह साध्या पितळेचे असतील, तर खाऱ्या पाण्यात त्यातले जस्त विरघळून जाते आणि मागे ठिसूळ, गुलाबीसर तांबे उरते. तसा व्हॉल्व्ह तुटला, तर बोट धक्क्यालाच बुडेल. ते सर्व बदलून ब्राँझचे घ्यावेत. धातूचे भाग वाचवण्यासाठी लावलेले ठोकळे जलाशयात मॅग्नेशियमचे असू शकतात. समुद्रात ते फार वेगाने झिजतात, तेव्हा त्यांच्या जागी झिंकचे लावावेत. तळाला शिंपल्या न धरणारा रंगही नव्याने द्यावा लागेल. (समुद्राचे पाणी सुमारे अडीच टक्के जड असल्याने हीच बोट कर्लीच्या मुखाशी किंचित वर तरंगेल, त्यावर एकही प्रवासी वाढवू नये.)

डिझेलच्या टाकीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. अर्धवट भरलेल्या टाकीत महिनोन्महिने दमट हवा राहिली की भिंतींवर पाणी सुटते, ते तळाशी बसते आणि पाणी व डिझेल जेथे भेटतात तेथे जिवाणूंचा काळा, बुळबुळीत थर वाढतो. शांत जलाशयात हा गाळ वर्षानुवर्षे जागचा हलत नाही. देवबागच्या संगमावर लाटांनी टाकी घुसळली गेली की तोच गाळ फिल्टरमध्ये येतो आणि जेथे इंजिन बंद पडणे परवडत नाही नेमके तेथे ते बंद पडते. टाकीच्या तळाचे लिटरभर डिझेल काचेच्या बरणीत काढून अर्धा तास स्थिर ठेवावे आणि तळाशी पाणी किंवा काळा गाळ बसतो का, ते पाहावे.

कागदपत्रांबाबत एकच सांगतो. अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ नुसार नोंदणी आणि सर्वेक्षणाचा दाखला लागतो. पण जलाशयासाठी मिळालेला दाखला खाडीच्या मुखाशी प्रवासी नेण्यास पुरेल असे गृहीत धरू नये. बयाणा देण्यापूर्वी मालवणच्या बंदर कार्यालयात कागदांच्या प्रती दाखवाव्यात.

इंजिन पाहायला जाल तेव्हा ‘आधी गरम करून ठेवू नका’ असे मालकांना कळवावे आणि पोहोचताच ब्लॉकवर तळहात ठेवावा. तो कोमट लागला, तर थंड इंजिन किती वेळाने पेट घेते हे आपल्याला पाहू द्यायचे नाही, असे समजावे. सुरू होताना थोडा पांढरा धूर चालेल, पण इंजिन तापल्यावरही तो थांबत नसेल किंवा निळसर धूर येत असेल, तर आतली झीज धरून चालावे. नंतर प्रवाशांच्या वजनाइतका भार घेऊन अर्धा तास पूर्ण वेगाने बोट चालवायला सांगावे. संथ फेऱ्यांत वर्षे काढलेल्या इंजिनाची खरी प्रकृती त्या अर्ध्या तासात तापमानाच्या काट्यावर दिसते.