शिवडा, बोआल, वालुगा: मासा एकच, बीजवाल्याच्या नावावर जाऊ नका

प्रश्न (मिरज तालुका): पुराचं पाणी शेततळ्यात शिरलं होतं. आता रोहू-कटल्याची बोटुकली (बोटभर पिल्लं) कमी दिसतेय. गळाला हातभर लांब, बिनखवल्यांचा, मोठ्या जबड्याचा मासा लागला. जाळेवाले शिवडा म्हणतात. बीजवाला (मत्स्यबीज, म्हणजे माशांची पिल्लं विकणारा) बोआल म्हणतो, वर 'वाढवा, दर आहे' सांगतो. दुकानदार कीटकनाशक टाका म्हणतो. काय करावं?

उत्तर: दोघांचंही ऐकू नका.

मासा एकच आहे. कृष्णाकाठी शिवडा, बंगालात बोआल, आसामात बराली, हिंदी मुलखात पढिन, तेलुगूत वालुगा. जतकडच्या कानडी मंडळींना बाळे म्हणा, लगेच कळेल. शास्त्रीय नाव वलागो अट्टू, यातलं 'वलागो' तेलुगू नावावरूनच आलंय. नावावर भांडू नका, मासा हातात घ्या. अंगाला खवले नाहीत, तोंडाची चीर डोळ्याच्या मागपर्यंत, मिशांच्या दोन जोड्या, पाठीवर इवलासा पर आणि पोटाखालचा पर थेट शेपटीपर्यंत. शेपटीजवळ पाठीवर मांसल बारका पर दिसला तर तो शिवडा नव्हे, पंगससारखा दुसरा मासा.

तुमची बोटुकली त्याच्याच पोटात गेली. कार्पच्या (रोहू-कटल्याच्या) तळ्यात शिवडा वाढवायचा म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्यात मुंगूस पाळणं.

कीटकनाशक तळ्यात टाकायचं नाही. थोडंसुद्धा नाही. ते मासळीत उतरतं, आणि तेच पाणी तुम्ही द्राक्षाला देणार. उन्हाळ्यात तळ्याचं पाणी बागेला जातंच, तेव्हा तळ उघडा पाडा, जाळं ओढा, ऊन खाऊ द्या. माझं तर पहिलं सांगणं हेच असतं. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यात एवढ्याने काम होतं. मातीच्या तळ्यात मरळ (हाही शिकारी मासा) असेल तर ती चिखलात दडून राहते, म्हणून तळ भेगाळेपर्यंत सुकवा.

पाणी उपसता येत नसेल तरच मोहाची पेंड, तिच्या विषाने तळ्यातले मासे मरतात. एका गुंठ्यात मीटरभर पाणी असेल तर 25 किलो. दुकानदार दुप्पट सांगेल. त्याची पेंड खपते, तुमच्या तळ्यातलं विष लांबतं. ते पाणी ओढ्यात सोडू नका. तीन आठवडे बीज सोडायचं नाही, 'आठवड्यात चालतं' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. मग हाप्यात (पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पिशवीत) दहा-बारा बोटुकली ठेवून एक दिवस बघा. जगली तर पुढचं.

पाणी आत येतं तिथे बारीक जाळी बसवा. हे मी दर पावसाळ्याआधी सांगतो, दर पावसाळ्यानंतर फोन येतात.

अनुदान: प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला 40 टक्के, महिला व अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के. अर्ज जिल्ह्याच्या मत्स्य कार्यालयात.

आणि मरळीचं बीज म्हणून कुणी काही आणलं तर आधी मिशा बघा. मरळीला खवले असतात, मिशा नसतात. आठ मिशांचं, बिनखवल्यांचं पिल्लू मागूर असू शकतं, आणि 'झटपट वाढतो' म्हणून विकलं जाणारं बहुधा आफ्रिकन मागूर. त्याच्या पालनावर बंदी आहे. बीजवाला गाडी घेऊन निघून जातो, तळं तुमच्या नावावर असतं. बिलावर शास्त्रीय नाव लिहून देत नसेल त्याच्याकडून एक पिल्लूही घेऊ नका.