जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण आणि मुंग्यांचा बंदोबस्त

प्रश्न : ठाण्यातील आमच्या घराच्या गॅलरीत कुंडीत लावलेली जास्वंद आहे. उन्हाळ्यापासून तिच्या शेंड्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात, पाने चिकट होऊन त्यांवर काळा थर चढतो आणि कळ्या उमलण्याआधीच गळतात. खोडावर मुंग्यांची रांग कायम असते. तंबाखूचे पाणी फवारले की आठवडाभर बरे वाटते, मग पुन्हा तेच. ही फुले आम्ही रोज देवाला वाहतो, त्यामुळे जहाल औषध नको आहे. काय करावे?

उत्तर : आपण केलेल्या वर्णनावरून हा पिठ्या ढेकूणच आहे. ही कीड कोवळ्या शेंड्यांतील आणि कळ्यांच्या देठांतील रस शोषते आणि अंगातून गोड, चिकट द्रव सोडते. पानांवरचा काळा थर म्हणजे त्या द्रवावर वाढलेली बुरशी होय. कीड गेली की नवी पाने स्वच्छ येतात, म्हणून बुरशीसाठी वेगळे औषध घेण्याची गरज नाही.

उपाय आठवडाभरच टिकतो, याचे कारण किडीच्या जीवनक्रमात आहे. मादी मेणकट कापसाच्या पिशवीत शेकडो अंडी घालते आणि त्या मेणातून फवारा आत शिरत नाही. मोठे किडे मेले तरी पुढच्या काही दिवसांत अंडी फुटतात आणि डोळ्यांना जेमतेम दिसणारी पिल्ले नव्या शेंड्यांकडे सरकतात. या पिल्लांवर मेणाचा थर नसतो, त्यामुळे त्यांना गाठणे हेच खरे काम आहे आणि ते एका फवारणीत होत नाही.

सर्वप्रथम फार माखलेले शेंडे कापून पिशवीत बंद करून टाकावेत. ते कुंडीतल्या मातीवर किंवा कंपोस्टच्या डब्यात टाकू नयेत. राहिलेले पुंजके स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसावेत, पानांच्या बगला आणि फांद्यांचे बेचके विशेष काळजीने पाहावेत. त्यानंतर एक लिटर कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचे काही थेंब आणि पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल एकजीव करून, आधी दोन-चार पानांवर वापरून पाहावे आणि पाने भाजत नाहीत अशी खात्री झाल्यावर ऊन उतरल्यानंतर पानांच्या खालच्या बाजूने फवारावे. दर सात दिवसांनी असे किमान तीन वेळा करावे, मधेच झाड स्वच्छ दिसू लागले तरी. उमललेल्या फुलांवर मात्र फवारू नये.

आता मुंग्यांविषयी, कारण बहुतेक घरांत उपाय इथेच फसतो. गोड द्रवासाठी मुंग्या या किडीची राखण करतात आणि तिला खाणाऱ्या मित्रकिडींना हुसकावतात. कुंडी भिंतीला, ग्रिलला किंवा शेजारच्या झाडाला टेकत असेल तर ती दूर करावी आणि पाण्याच्या थाळीत विटेचा तुकडा ठेवून त्यावर उभी करावी. थाळीतले पाणी आठवड्यातून एकदा तरी घासून बदलावे, नाहीतर डासांची सोय होईल.

मुंग्या हटल्यावर कदाचित एक पाहुणा दिसेल. पिठ्या ढेकणावर जगणाऱ्या एका ढालकिड्याची अळी स्वतःच पांढऱ्या मेणाच्या झुपक्यांनी झाकलेली असते आणि अनेकजण तिलाच कीड समजून चिरडतात. ती ढेकणापेक्षा मोठी असते, तिचे झुपके लांब असतात आणि ती पुंजक्यांमधून भराभर फिरते. हा ढालकिडा 1898 साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला आणि आजही फळबागांत सोडला जातो. तो आपल्या गॅलरीत आला तर फवारणी थांबवावी, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

तंबाखूचे पाणी मात्र कृपया बंद करावे. घरगुती असले तरी त्यातील निकोटिन विषारी असते आणि त्वचेतूनही शरीरात जाते. ज्या घरात ही फुले पूजेसाठी हाताळली जातात तिथे ते नकोच. युरियासारखे नत्रयुक्त खतही सध्या देऊ नये, त्याने येणारी लुसलुशीत फूट या किडीला आयतीच मिळते.

प्रश्न : एसीच्या खोलीतील अरेका पामची पाने फिकट पडून त्यांवर बारीक ठिपके आणि जाळी दिसते. कीटकनाशक फवारूनही फरक नाही.

उत्तर : पानाखाली पांढरा कागद धरून पान झटकावे. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले, तर तो लाल कोळी आहे. तो आठ पायांचा असल्याने कीटकांत मोडत नाही आणि बरीच कीटकनाशके त्याच्यावर चालत नाहीत. उलट त्याला खाणारे जीव मरून तो अधिक फोफावतो. कोरडी हवा त्याला मानवते. झाड न्हाणीघरात नेऊन पानांच्या दोन्ही बाजू शॉवरखाली धुवाव्यात, दर तीन-चार दिवसांनी, दोन ते तीन आठवडे. तोवर ते इतर कुंड्यांपासून दूर आणि एसीच्या थेट झोतापासून बाजूला ठेवावे.