चौदा नामवर्गांची भाषा रचली, आता पुढे काय?

प्रश्न : मी बारावीत आहे. दोन वर्षांपासून पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेच्या धर्तीवर स्वतःची भाषा रचते आहे. तिच्यात चौदा नामवर्ग (मराठीतल्या लिंगांसारखे नामांचे गट) आणि नऊशेच्या आसपास शब्द आहेत. माणसं, झाडं, अवजारं, पाणी असा प्रत्येकाचा वेगळा वर्ग आहे आणि नियमांना एकही अपवाद नाही. यात करिअर होईल का? पदवीला काय घेऊ? बाबांना वाटतं, वेळ वाया जातोय.

उत्तर :

प्रिय विद्यार्थिनी,

केवळ भाषा रचून चरितार्थ चालवणारे लोक जगात अगदी मोजके आहेत. त्या भरवशावर पुढची आखणी करू नकोस. ‘स्टार ट्रेक’मधली क्लिंगॉन भाषा रचणारे मार्क ओक्रँड यांची नोकरी टीव्ही कार्यक्रमांना कॅप्शन देणाऱ्या संस्थेत होती. ‘अवतार’ चित्रपटातली नावी भाषा रचणारे पॉल फ्रॉमर बिझनेस स्कूलमध्ये शिकवत. डेव्हिड पीटरसन यांना ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधल्या डोथ्राकी भाषेचं काम लँग्वेज क्रिएशन सोसायटी या भाषा रचणाऱ्यांच्या संस्थेमार्फत झालेल्या स्पर्धेतून मिळालं. पण तिघांनीही भाषाविज्ञानाचं रीतसर शिक्षण घेतलेलं आहे : पहिल्या दोघांची त्यात पीएच.डी., पीटरसन यांची एम.ए. तुझा रस्ताही तिथूनच जातो. तुझी भाषा विकत घेणारं कुणी भेटेल की नाही, सांगता येत नाही. ती रचताना भाषा कशा चालतात हे तुला कळलं, एवढं दाखवता आलं तर प्रवेशाला आणि नोकरीला त्याचा उपयोग नक्की होतो.

म्हणून आधी भाषेकडेच बघू. ‘एकही अपवाद नाही’ असं तू अभिमानाने लिहिलंस, पण तीच तिची सगळ्यात कच्ची बाजू आहे.

स्वाहिलीत ‘किताबू किकुब्वा किमेआंगुका’ म्हणजे मोठं पुस्तक पडलं. अनेकवचनात ‘विताबू विकुब्वा विमेआंगुका’. नाम, विशेषण, क्रियापद तिन्हींवर एकच खूण, यालाच मेळ म्हणतात. ‘मोठा वाडा पडला, मोठी भिंत पडली, मोठं झाड पडलं’ यात मराठीही हेच करते, फक्त आपली खूण शब्दाच्या शेवटी असते. इथवर तुझी रचना ठीक आहे. पण ‘किताबू’ मुळात अरबी ‘किताब’. त्यातला ‘कि’ शब्दाचाच भाग होता. बोलणाऱ्यांनी तो वर्गाचा उपसर्ग मानला आणि ‘विताबू’ हे अनेकवचन घडवलं. तुझ्या भाषेत उसना शब्द आला तर तो कोणत्या वर्गात बसेल, आणि का? याचं उत्तर तुझ्या व्याकरणात हवं.

वर्ग फक्त अर्थावर बेतले की भाषा कपाटातल्या कप्प्यांसारखी दिसू लागते. स्वाहिलीच्या कि-वि वर्गात वस्तू आहेत, भाषांची नावं आहेत, शिवाय ‘किओंगोझी’ म्हणजे नेता आणि ‘किफारू’ म्हणजे गेंडाही आहे. मोठा गेंडा मात्र ‘किफारू म्कुब्वा’. नामाचं रूप कि-वर्गाचं, विशेषण माणसांच्या वर्गाचं, कारण सजीवांसाठी स्वाहिली माणसांच्या वर्गाचा मेळ वापरते. रूप आणि मेळ वेगळे पडू शकतात, हे तुझ्या चौदा वर्गांत कुठेच दिसत नाही.

दुरुस्ती कशी करायची? अपवाद हाताने पेरू नकोस, ते लगेच कृत्रिम वाटतात. आधी पूर्वज भाषा मांड : दीडशे-दोनशे धातू, वर्गांचे उपसर्ग, आणि क्रमाने लागू होणारे आठ-दहा ध्वनिबदल. स्वाहिलीत ‘कि’पुढे स्वर आला की बहुधा ‘च’ होतो, म्हणून ‘चुम्बा’ म्हणजे खोली आणि अनेकवचन ‘व्युम्बा’. बदलांचा क्रम उलटा केला तर निकालही बदलतो. उपसर्गातला ‘इ’ आधीच गळाला असता, तर ‘क’चा ‘च’ व्हायला कारणच उरलं नसतं. असे बदल नऊशे शब्दांवर चालवलेस की अनियमितता आपोआप येते आणि प्रत्येकीचं कारण तुला सांगता येतं.

क्रियापदही तपासून बघ. ‘अलिम्सोमेआ’ या एका शब्दात ‘तिने त्याला वाचून दाखवलं’ एवढं सगळं मावतं : अ-लि-म्-सोम्-ए-आ, म्हणजे कर्ता, भूतकाळ, कर्म, धातू, ‘-साठी’चा प्रत्यय, शेवटचा स्वर. तो मधला ‘ए’ धातूतल्या ‘ओ’मुळे आला. ‘पिका’ (शिजवणे) या क्रियापदाला तिथे ‘इ’ लागतो, ‘पिकिआ’. असे प्रत्यय नसतील तर नुसत्या उपसर्गांनी बांटूची, म्हणजे स्वाहिली ज्या भाषाकुळातली आहे त्याची, चव येत नाही.

आणि एकट्या स्वाहिलीवर विसंबू नकोस. बांटू कुळात पाचशेच्या आसपास भाषा आहेत. त्यांतल्या बहुतेकींत सुरांनी, म्हणजे आवाजाच्या चढउतारांनी, शब्दाचा अर्थ बदलतो, स्वाहिलीत बदलत नाही. त्याच कुळातल्या झुलूचं किंवा गांडाचं एक व्याकरण वाच. झुलूमधले क्लिक ध्वनी (जिभेने ‘टक्’ किंवा ‘च्च’ असे काढलेले) आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या खोइसान भाषांच्या संपर्कातून आले आहेत. ते नुसते शोभेला उचलणं, हे त्या भाषा बोलणाऱ्यांवर अन्याय करणारं आहे.

प्रवेशासाठी दाखवायला तीस-चाळीस पानांचं व्याकरण पुरे : आयपीएमध्ये (आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत) ध्वनी, मेळाचे तक्ते, ध्वनिबदलांची क्रमवार यादी. सोबत तीन छोटे उतारे, लाइपझिग नियमांनुसार (शब्दाचे घटक आणि त्यांचे अर्थ ओळीखाली ओळ मांडायची अभ्यासकांची पद्धत) पदच्छेदासह. नऊशे शब्द वहीतून फील्डवर्क्समध्ये हलव. हे मोफत सॉफ्टवेअर संकटग्रस्त भाषांची नोंद करणारे अभ्यासक खरोखर वापरतात. उच्चार रेकॉर्ड करून प्राट या ध्वनिविश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये तपास. जमलं तर पायथनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिही, जो तुझ्या क्रियापदाचे तुकडे पाडून दाखवेल. या सगळ्यात भाषातंत्रज्ञानाच्या कामाशी सर्वात जवळचा भाग हाच आहे.

पदवीला भाषाविज्ञान मिळालं तर उत्तम. नसेल तर एखादी भाषा आणि सोबत संख्याशास्त्र किंवा संगणकशास्त्र घे, मग भाषाविज्ञानात एम.ए. कर. पुढे कोशकार्य, भाषानोंदणी, सबटायटलिंग, लोकलायझेशन, वाणी-ओळख अशी कामं आहेत. यांतली शेवटची वाट पगाराच्या दृष्टीने जास्त भरवशाची, पण प्रोग्रॅमिंगशिवाय तिथे भागत नाही. नवी भाषा रचून देण्याचं काम हवंच असेल, तर लँग्वेज क्रिएशन सोसायटीच्या जॉब बोर्डवर लक्ष ठेव, पण जोडधंदा म्हणूनच.

बाबांशी बोलताना ‘छंद’ हा शब्द टाळ आणि पदच्छेद केलेला एक उतारा समोर ठेव. परीक्षा होईपर्यंत आठवड्याला तीन तासांपेक्षा जास्त वेळ देऊ नकोस. त्या वेळात नवे शब्द न वाढवता फक्त पूर्वज भाषेचे ध्वनिबदल पूर्ण कर.