वाचकांचे प्रश्न : क्रिस्तियानियात जायचंय

प्रश्न : मुलगी कोपनहेगनला शिकते. जूनमध्ये आम्ही नवराबायको (वय ६४ आणि ५९) तिच्याकडे जातोय. तिथली क्रिस्तियानिया ही स्वतःचा कारभार स्वतः चालवणारी वस्ती पाहायची आहे. परवानगी लागते का? तिथे उघड्यावर गांजा विकतात, असं सांगून शेजारी घाबरवतायत.
— एक वाचक, गुहागर

उत्तर : परवानगी नको, तिकीटही नाही. मेट्रोने क्रिस्तियान्सहाउनला उतरा. टोर्वेगाडे रस्त्याने शहराच्या मध्याकडे पाठ करून चाला आणि डावीकडे प्रिन्सेसेगाडेत वळा. डाव्या हाताला पिळाच्या मनोऱ्याचं चर्च लागेल. तिथून थोडं पुढे, उजव्या हाताला वस्तीचं प्रवेशद्वार.

शेजाऱ्यांची माहिती जुनी आहे. गांजाच्या टपऱ्यांचा तो रस्ता, पुशर स्ट्रीट, एप्रिल २०२४ मध्ये रहिवाशांनीच दगड उपटून खणून काढला. डेन्मार्कमध्ये गांजा तेव्हाही बेकायदा होता, आजही आहे. कुणी पुढे केलाच तर हात लावू नका; परदेशात पोलिसांचं झेंगट कशाला?

आत धावायचं नाही. तिथे कुणी धावलं की धाड पडली, असाच समज व्हायचा. फोटोचंही तसंच. माणसं आणि घरांची दारं विचारल्याशिवाय टिपू नका, लोक राहतात तिथे. गाड्यांना बंदी आहे, पण सायकली मागून आवाज न करता येतात, म्हणून वाटेच्या कडेने चाला. पुढे लाकडी पेटी बसवलेली तीनचाकी सायकल दिसेल, पेटीत पोरं नाहीतर बाजारहाट. ती १९८४ मध्ये पहिल्यांदा इथेच घडली.

कारभार मात्र नीट समजून घेण्यासारखा आहे. १९७१ मध्ये लोक लष्कराच्या रिकाम्या बराकींत घुसले आणि तिथेच राहिले. सभेत मतदान नसतं. एकमत होईपर्यंत चर्चा चालते, त्यामुळे निर्णय रखडतात. २०१२ मध्ये रहिवाशांच्या प्रतिष्ठानने बरीचशी जागा सरकारकडून घेतली. आपल्या सामाईक सातबाऱ्यासारखं वाटेल, पण इथे कुणाच्याच नावावर हिस्सा नाही, म्हणून वाटणीचा दावाही नाही. घर विकता येत नाही. रिकामं झालं की नवीन माणूस त्या भागातले रहिवासी निवडतात. राहणारा दरमहा ठरलेली रक्कम भरतो.

दिवसाउजेडी जा, जूनमध्ये रात्री दहाच्या सुमारास मावळतं. वाटा मातीच्या आणि खडबडीत आहेत, चपला नकोत. चर्चच्या मनोऱ्याला ४०० पायऱ्या आहेत, शेवटच्या १५० बाहेरून. गुडघे कुरकुरत असतील तर तो खालूनच पाहा.